बायबलमधील आतिथ्य व क्षमा : वचनांतील विसंगती

पाहुणचार आणि क्षमा या बायबलमधल्या ठळक आज्ञा. पण त्याच ग्रंथात त्यांना छेद देणारी वचनेही आहेत. ‘परक्याला घरात घ्या’ म्हणणारे वचन नव्या करारातल्या एका पत्रात, तर ‘घरात घेऊ नका’ म्हणणारे दुसऱ्यात. ‘क्षमेचा हिशेब ठेवू नका’ असे एकीकडे, तर ‘या पापाला क्षमा नाही’ असे दुसरीकडे.

पाहुणचाराचा नमुना म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकातला, उत्पत्तीच्या 18व्या अध्यायातला अब्राहाम. मम्रे येथे भर उन्हात तंबूच्या दाराशी बसलेला हा म्हातारा तीन अनोळखी माणसे दिसताच धावत जातो. पाय धुवायला पाणी मागवतो, साराला तीन मापे सपिठाच्या भाकरी करायला सांगतो, कोवळे वासरू रांधायला देतो आणि पाहुणे जेवत असताना स्वतः उभा राहतो. असे करताना काहींनी नकळत देवदूतांचाच पाहुणचार केला, असे इब्री लोकांस पत्र (13:2) सांगते.

याउलट योहानाचे दुसरे पत्र (वचने 10–11) बजावते की, ख्रिस्ताची शिकवण न आणणाऱ्याला घरात घेऊ नका, त्याला अभिवादनही करू नका. येथे ‘घर’ म्हणजे काय, हे पाहिले की बरीच गाठ सुटते. पहिल्या शतकात मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला, स्वतःची इमारत नसे. उपासना कुणाच्या तरी घरी भरे. प्रिस्का व अक्विला यांच्या घरातल्या मंडळीला प्रेषित पौल सलाम पाठवतो (रोमकरांस पत्र 16:5). अशा घरात फिरत्या उपदेशकाला घेणे म्हणजे त्याला व्यासपीठ देणे. ‘दिदाखे’ या आरंभकालीन ख्रिस्ती नियमपुस्तिकेत तर रोखठोक मोजमाप आहे : आलेल्या प्रेषिताने एक दिवस राहावे, गरज पडली तर दुसरा, तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी, पैसे मागितले तर तोही खोटाच. पाहुण्यांना कंटाळलेल्या यजमानांचा अनुभव या ओळींमागे असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही.

तरी गाठ पुरती सुटत नाही. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा पुढारी पत्रलेखकाच्याच माणसांना दार बंद करतो, त्यांना घरात घेणाऱ्यांना मंडळीबाहेर काढतो, आणि स्वतःला ‘वडील’ (मंडळीतला ज्येष्ठ) म्हणवणारा हा पत्रलेखक त्याच्यावर रागावतो. दोन्ही पत्रे एकाच हातची मानली, तर दुसऱ्यांसाठी घालून दिलेला नियम येथे लिहिणाऱ्यावरच उलटला आहे. स्मुर्ण्याचा बिशप पॉलिकार्प याच्याविषयीही अशीच दोन टोके सांगितली जातात. पाखंडी ठरलेला मार्सियन भेटला तेव्हा त्याने त्याला ‘सैतानाचा थोरला मुलगा’ म्हटले; आणि स्वतःला पकडायला आलेल्या शिपायांना मात्र पोटभर खाऊ-पिऊ घालायला सांगितले.

क्षमेबाबत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय एकटाच पुरेसा आहे. अपराधी भाऊ मंडळीचेही ऐकत नसेल तर त्याला परराष्ट्रीय व जकातदार यांच्यासारखा, म्हणजे बाहेरचा समजा, असे 17वे वचन म्हणते. आणि 22व्यात पेत्र या शिष्याला ‘साताच्या सत्तर वेळा’ क्षमा करायला सांगितले जाते. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 490 किंवा 77 होतो. 77 धरल्यास उत्पत्तीतल्या लामेखाच्या 77 पट सुडाची (4:24) ती उलटफेड ठरते. क्षमा ही मनातली गोष्ट आणि सहवास ही मंडळीची, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते ठीक आहे; पण लूक (17:3) ‘पश्चात्ताप केला तर’ अशी अट घालतो आणि मार्क (11:25) घालत नाही, हा फरक त्याने मिटत नाही.

अक्षम्य पापाच्या (पवित्र आत्म्याच्या निंदेच्या) वचनाला मार्कने स्वतःच संदर्भ दिला आहे : येशूला अशुद्ध आत्मा लागला आहे, असे म्हणणाऱ्यांना ते उद्देशून होते (3:28–30). अधिक अवघड आहे ते इब्री 6:4–6. विश्वासात येऊन मग ढळलेल्यांना पश्चात्तापाकडे परत आणणे अशक्य, असे ते म्हणते. परक्यांना दार उघडा म्हणणारे पत्र हेच! रोमन बादशहा डेसियस याने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात अनेकांनी रोमन देवांना बळी अर्पण केले. त्यांना परत घ्यायला रोममध्ये 251 साली नोवातियन या धर्मगुरूने नकार दिला. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने प्रायश्चित्तानंतर वाट मोकळी ठेवली. नोवातियनाची मंडळी वेगळी झाली. पुढे 325च्या निकैया येथील बिशपांच्या परिषदेने तिच्या धर्मगुरूंना परत यायची मुभा दिली, पण अट घातली : छळात ढळलेल्यांशी सहभागिता ठेवू, असे त्यांनी आधी लेखी द्यावे.