क्रूझवर जेवणाचं काय? घरच्यांना घेऊन निघायच्या आधी एवढं वाचा

क्रूझची चौकशी करायला आमच्या लातूरच्या ऑफिसात जे कोणी येतंय त्याचा पहिला प्रश्न जेवणाचाच असतो. आईला तिथलं चालंल का, बाबा कांदा-लसूण खात नाहीत, लेकरू वरण-भात सोडून कशाला हात लावत नाही. म्हणून हे पत्रक फक्त खाण्यापिण्याचं आणि तिथल्या सर्व्हिसचं, केबिन आणि रेटचं वेगळं पत्रक आहे ते मागून घ्या.

मागच्या सीझनला परभणीकडचं एक कुटुंब आमच्याकडून मुंबई-गोवा क्रूझला गेलं, आजी, मुलगा-सून आणि दोन लेकरं. आल्यावर सूनबाईंनी ऑफिसात बसून सगळं सविस्तर सांगितलं, आणि ते इतकं कामाचं होतं की त्यांना विचारूनच इथं घेतलंय.

जहाजावर जेवायच्या जागा साधारण तीन प्रकारच्या. एक बुफे, लग्नातल्यासारखाच, ताट घ्या आणि पाहिजे ते वाढून घ्या. दुसरा मोठा डायनिंग हॉल, तिथं टेबलावर बसायचं, मेन्यू कार्ड येतं, वेटर आणून देतो. हे दोन्ही तिकिटात धरलेले असतात. तिसरी म्हणजे स्पेशल रेस्टॉरंट, चायनीज वगैरे, तिथं पैसे वेगळे, आणि बाहेर बोर्ड बघून नवीन माणसाला ते लगेच कळत नाही, म्हणून आत बसायच्या आधी सरळ विचारायचं की हे पॅकेजमध्ये आहे का.

चढायच्या दिवशी दुपारी बुफेला सगळी झुंबड एकदाच उडते. आजींनी सगळे काउंटर फिरून बघितले, पनीर होतं, राजमा होता, नूडल्स, पास्ता, आठ-दहा प्रकारचे केक, पण भाजी म्हणली की कांदा-लसूण आलाच, शेवटी दही-भात आणि एक केळ घेऊन बसल्या. मुलाला वाटलं झालं, आता आई सगळी ट्रिप उपाशी. पण संध्याकाळी डायनिंग हॉलमध्ये सूनबाईंनी वेटरला सांगितलं, त्यानं हेड वेटरला बोलावलं, तो माणूस खिशातली छोटी डायरी काढून आजींच्या खुर्चीशी वाकून उभा राहिला आणि एकेक विचारून लिहून घेतलं, केबिन नंबर काय, कांदा-लसूण दोन्ही नको का, मिरची चालते का, आलं चालतं का, गिळायला त्रास आहे का. दुसऱ्या दिवशी दुपारी आजींच्या पुढं साधं वरण, भात, बटाटा-मटारची सुकी भाजी आणि गरम फुलके. नाश्त्यालासुद्धा तोच येऊन सांगून गेला की आज यातलं काय घ्या अन् काय घेऊ नका.

आमचं म्हणणं एवढंच आहे मंडळी, की तिथं मागायला लाजू नका. आपल्या माणसांची सवय अशी की पाहुणे म्हणून गेलो तर ताटात आलं ते गुमान खायचं, पण तिथं रोज हजार-दोन हजार माणसांचा स्वयंपाक चालू असतो, कोण काय खात नाही हे त्यांना सांगितल्याशिवाय कळणार कसं. बुकिंगच्या वेळीच आमच्याकडं लिहून द्या (जैन, कांदा-लसूण नाही, शुगर, शेंगदाण्याची अॅलर्जी, काय असंल ते), आणि तेवढ्यावर विसंबून न राहता पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला परत एकदा तोंडानं सांगा. अॅलर्जी असंल तर हे नक्कीच करा, त्यात आळस नको.

भाकरीचं मात्र आधीच सांगून ठेवतो. आजींनी विचारलं होतं, मिळाली नाही. ज्वारीचं पीठ बहुतेक जहाजांवर ठेवतच नाहीत, आणि आगीच्या भीतीनं तिथल्या स्वयंपाकघरात उघडा जाळ नसतो, सगळं विजेच्या शेगड्यांवर. त्यामुळं फुलक्यावर भागवायची तयारी ठेवा. उपवास येत असंल तर दूध, दही, फळं, उकडलेला बटाटा मिळतो, साबुदाण्याच्या खिचडीची आशा धरू नका.

मग घरून न्यावं का? घरी केलेलं सहसा आत नेऊ देत नाहीत, स्कॅनिंगला डबा काढून ठेवावा लागतो आणि ते बघून जीव हळहळतो. धपाटे, ठेचा, दशम्या जे काय बांधायचं ते ट्रेनपुरतं बांधा, देवगिरी आणि लातूर एक्सप्रेस दोन्ही सकाळी सीएसएमटीला पोचतात, तिथंच नाश्ता उरकून टाका, जहाज जिथून सुटतं ते बॅलार्ड पिअर बंदर तिथून टॅक्सीनं अगदी जवळ. कंपनीचं सीलबंद पाकीट, राजगिऱ्याचे लाडू, चिवडा, चटणी असलं बहुतेक वेळा चालतं, तरी त्या-त्या जहाजाचा नियम आम्ही तिकिटासोबत देतो तो बघा. इलेक्ट्रिक केटल, इंडक्शन, इस्त्री अजिबात घेऊ नका. आणि बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, कारण मोठ्या बॅगा केबिनला यायला संध्याकाळ होते.

एका रात्री त्या परभणीकडच्या कुटुंबाचं जेवणाचं बिनसलं पण. डायनिंग हॉलला दोन पाळ्या असतात, एक संध्याकाळची लवकरची आणि एक रात्रीची. हे शो बघत बसले, पोचायला उशीर झाला, दारातल्या माणसानं तुटक बोलून परत पाठवलं आणि बुफेत तोवर पिझ्झाच उरला होता. सूनबाईंनी गप्प न बसता सकाळी रिसेप्शनला जाऊन सांगितलं, त्यांनी माफी मागितली आणि त्या रात्री टेबल राखून ठेवलं. पाळीची वेळ पाळायचीच, पण बोलणं उद्धट झालं तर तक्रार करायची, पैसे मोजलेत आपण. आपल्याकडं नऊच्या आत कोणी जेवत नाही, म्हणून बुकिंगलाच दुसरी पाळी मागा.

पैशाचं. जहाजावर रोख चालत नाही, चढताना कार्ड देतात, तेच केबिनची किल्ली आणि तेच पाकीट. कोल्ड्रिंक, ज्यूस, बाटलीतलं पाणी, दारू यांचा हिशोब बहुतेक पॅकेजमध्ये वेगळा असतो, लेकरांच्या हातात कार्ड दिलं की प्रत्येक वेळी खात्यावर चढतंय आणि शेवटच्या रात्री बिल बघून चेहरा उतरतो. रोज संध्याकाळी रिसेप्शनला खातं बघून घ्या. सर्व्हिस चार्ज माणशी, दर रात्रीच्या हिशोबानं लागतो, तो तिकिटात धरलाय का वेगळा हे आम्ही कोटेशनमध्ये लिहून देतो, नसंल लिहिलेलं तर आम्हाला धरा.

पाणी खारं लागतं का, हे पण लई लोक विचारायलेत. नाही लागत. जहाजावर समुद्राचं पाणी यंत्रानं गोडं करतात, काही बंदरात भरून घेतात. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेल्या पाण्यावर दिवस काढलेल्या लातूरकरांना त्याची किंमत वेगळी सांगायला नको, तेव्हा नळ चालू सोडू नका, आणि ताटात पण थोडं-थोडंच घ्या, परत उठता येतं.

हात मात्र साबणानंच धुवा, बुफेच्या आधी प्रत्येक वेळी, लेकरांचे सुद्धा. उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस बंद जागेत झपाट्यानं पसरतो आणि नुसत्या सॅनिटायझरला तो नीट दाद देत नाही. कोणाला त्रास झालाच तर लपवू नका, जहाजावर डॉक्टर असतो, फी वेगळी लागते. गाडी लागणाऱ्यांनी निघायच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारून गोळी घ्या, रिकाम्या पोटी राहू नका, आणि केबिन जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्याची मागा, तिथं हेलकावे कमी जाणवतात.

बुकिंगला येताना सगळ्यांची आधार कार्डं (परदेशातल्या क्रूझला पासपोर्ट) आणि एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचं काय चालतं, काय चालत नाही ते लिहून आणा. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांनाच घेऊन या, त्यांच्या जेवणाचं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं बरं पडतं.