क्रुसासमोरचे रिकामे आसन

क्रुसासमोर रिकामे आसन रंगवले की चित्रात निर्माता देव मानणारा धर्म आणि तो न मानणारा धम्म यांचा वाद आपोआप उभा राहतो. सांची-भारहुतच्या जुन्या शिल्पांत बुद्धाची मूर्ती नाही. आसन, पावलांचे ठसे, बोधिवृक्ष, एवढेच. बायझंटाइन चर्चमध्येही रिकामे सिंहासन रंगवत, पण ते पुन्हा येणाऱ्या ख्रिस्तासाठी राखलेले. बौद्ध आसनावर कोणी परतायचे नसते.

ठाण्याच्या परिसरात या दोन परंपरांची गाठ जुनी आहे. 1534 मध्ये साष्टी बेट पोर्तुगिजांकडे गेले आणि येऊरच्या डोंगरापलीकडची कान्हेरीची बौद्ध लेणी त्यांच्या नजरेस आली. सतराव्या शतकाच्या आरंभी एका पोर्तुगीज इतिहासकाराला लेण्यांसोबत एक कथा ऐकायला मिळाली: मुलाला जगातले दुःख दिसू नये म्हणून राजाने त्याला जपून ठेवले. त्याला त्यात संत जोसाफात दिसला. दिसणारच, बुद्धाचेच चरित्र अरबी, जॉर्जियन, ग्रीक अशी वळणे घेत युरोपात ख्रिस्ती संतचरित्र झाले होते. 27 नोव्हेंबर हा त्या संताचा दिवस मानला जाई. एखाद्या चित्रकाराने हा विनोद उचलायलाच हवा.

1892 मध्ये ताहितीत राहणाऱ्या एका फ्रेंच चित्रकाराने हव्वेला जावातल्या बोरोबुदुर या बौद्ध स्तूपाच्या शिल्पातली ढब दिली. धाडस होतेच, पण त्यात पूर्वेची नवलाईही होती. महाराष्ट्रात 1956 नंतर धम्मचक्र म्हणजे आधीच्या धर्माला दिलेला राजीनामा. त्यामुळे इथे चक्र आणि क्रूस शेजारी आले की मूळ पापाचा, म्हणजे माणूस जन्मतःच पापी असल्याचा, ख्रिस्ती सिद्धान्त वेगळाच बोचतो. जन्मतःच माथी काही मारले जाणे काय असते, हे ज्यांनी भोगले, त्यांना बाप्तिस्म्याने धुवायचे पापही ओळखीचे वाटते.

धर्म आणि जात यांच्या या प्रश्नाला गढूळ केले ते अनुसूचित जाती ठरवणाऱ्या 1950 च्या राष्ट्रपती आदेशाने. त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीत स्थान नव्हते. 1956 मध्ये शिखांना ते मिळाले, बौद्धांना थेट 1990 मध्ये. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. बाहेर ठेवण्याचे समर्थन असे की ख्रिस्ती धर्म जात मानत नाही. बौद्ध धम्मही मानत नाही, तरी तिथे दुरुस्ती झाली, हे सोयीने विसरले जाते. धर्मांतरितांना चर्चमध्येही जात चुकली नाही, ही तक्रार तर डॉ. आंबेडकरांच्या, 1935 च्या येवल्याच्या धर्मांतर घोषणेनंतरच्या लिखाणातच आहे. ठाण्यातल्या जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक, घरांना हा वाद फारसा शिवत नाही. नगरकडची, मिशनच्या शाळेत शिकलेली कुटुंबे मात्र त्यात पुरती अडकलेली आहेत. एकाच भावकीत एकाकडे जातीचा दाखला, दुसऱ्याकडे नाही. मग दिघा किंवा कळव्यात कोणी असे चित्र टांगले, तर निर्मात्या देवाविषयीचा प्रश्न बाजूला पडून ते सवलतींच्या भांडणात ओढले जाणार, हे उघड आहे. 2022 मध्ये केंद्राने याच विषयावर आयोग नेमला.

कायद्याची धास्ती त्याहून जुनी. धार्मिक भावना दुखावण्याचे कलम 1927 चे, भारतीय दंड संहितेतले 295-अ. आता भारतीय न्याय संहितेत 299. त्यासाठी जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेला अपमान लागतो. रिकाम्या आसनात तो शोधणे अवघड आहे.