ट्रॅक करायला देताय? स्पीड, पट्टी आणि ‘कच्चा’ याविषयी थोडं

सोलापुरात गणपती, नवरात्र, गड्ड्याची (सिद्धेश्वरांची) यात्रा, शिवजयंती, भीमजयंती, हळदी आणि वराती यांसाठी आमच्या स्टुडिओतून गाण्यांचे ट्रॅक करून घेणाऱ्यांना हे काम साधारण कसं चालतं ते माहीत असतं. बीट म्हणजे काय, मिक्स म्हणजे काय हे सांगण्यात तुमचा वेळ घालवत नाही. पण एक प्रश्न दर सीझनला येतोच : “तुम्ही दोघं दोघं आहात, कॉम्प्युटर आहे, मग एवढे दिवस का लागतात?” त्याचं उत्तर इथे सविस्तर लिहून ठेवतोय. निम्मं उत्तर आमच्या कामाच्या पद्धतीत आहे, निम्मं तुमच्या मोबाइलमध्ये.

आधी आमची बाजू. आमच्यातला एक बँजो पार्टीतून आलाय. ऑक्टोपॅड आणि हलगी हा त्याचा प्रांत. दुसरा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचा, आता कॉम्प्युटर आणि मिक्सिंग बघतो. दोघं मिळून काम करतो म्हणजे एका खुर्चीला खुर्ची लावून बसतो असं नाही. पहिल्या बैठकीला दोघं हजर असतो आणि त्या वेळी कॉम्प्युटर बंद असतो. तुम्ही चाल गुणगुणता, आम्ही टेबलावर ठेका धरतो, पेटीवर गाणाऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या गळ्याला झेपणारा मूळ सूर, बघतो. त्यानंतर एक जण एकटाच आठ मात्रांचे चार-सहा तुकडे तयार करतो. दुसरा ते दुसऱ्या दिवशी ऐकतो, तेही ते तुकडे करताना काय डोक्यात होतं हे न विचारता. मिरवणुकीत नाचणारी पोरं आम्हाला येऊन विचारणार नाहीत, म्हणून त्यानंही विचारायचं नाही.

दुसऱ्याचं मुख्य काम काढून टाकण्याचं. ज्यानं आवाज बनवला त्याला तो काढवत नाही, म्हणून आमच्यात ठरलेलं आहे : आवाज ज्याचा, त्याची पातळी दुसरा ठरवणार. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मंडळासाठी आम्ही यंत्रमागाचा आवाज वापरला होता. एकानं कारखान्यात जाऊन मागाची खडखड रेकॉर्ड केली, त्यावर हौसेनं अख्खा ठेका बांधला. ऐकायला भारी होता, पण माग काही आपल्या चार मात्रांत सरळ चालत नाही. दर दोन ओळींनी गाणं एकीकडे आणि माग दुसरीकडे. दुसऱ्यानं सकाळी येऊन सगळी खडखड म्यूट केली, फक्त धोटा (आडवा धागा नेणारा) आदळतो तो ‘खट्’ ठेवला आणि तो टाळीच्या जागी, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर बसवला. ठेका बांधणारा अर्धा दिवस बोलला नाही. पण ट्रॅकची ओळख तोच ‘खट्’ झाला. पेठेतल्या माणसाला तो पहिल्या झटक्यात कळला, बाहेरच्याला नुसतीच कडक टाळी वाटली. एकटा माणूस असता तर एक तर अख्खा माग राहिला असता, नाहीतर माग सुचलाच नसता.

मत जुळलं नाही तर भांडत बसत नाही. दोन्ही प्रकार करून ठेवतो, एक रात्र जाऊ देतो आणि मग ऐकतो. यात दिवस जातात, कबूल. पण तुम्ही आम्हाला शोधत येता ते ट्रॅक याच पद्धतीनं झालेले आहेत.

आता तुमच्या मोबाइलकडे येऊ. खरं घोडं तिथे अडतं.

आम्ही तुम्हाला आधी ‘कच्चा’ पाठवतो. कच्च्यात गाणाऱ्याच्या जागी आमच्यातल्याच एकाचा बेसूर आवाज असतो, हलगी कॉम्प्युटरातली असते, मिक्स केलेलं नसतं. मुद्दामच तसं ठेवतो. कच्चा सजवून पाठवला की लोक सजावटीवर बोलतात आणि पाया तसाच राहतो. कच्च्यात तुम्ही बघायच्या गोष्टी तीनच : स्पीड, पट्टी आणि कडव्यांचा क्रम. या तीन गोष्टी त्या टप्प्यावर पाच मिनिटांत बदलतात. तुम्ही म्हणाल तितक्या वेळा बदलू, पैसे लागत नाहीत.

आणि होतं काय? कच्चा ज्याच्या नंबरवर जातो तो कार्यकर्ता वर्गणीच्या गडबडीत असतो. तो पंधरा सेकंद ऐकतो, अंगठा दाखवतो, खाली लिहितो “एक नंबर”. आम्ही हलगीवाल्याला बोलावतो, गाणाऱ्याला बोलावतो, रेकॉर्डिंग होतं, मिक्स होतं. पक्का ट्रॅक मंडळात लागतो तेव्हा पहिल्यांदा अध्यक्ष ऐकतात, खजिनदार ऐकतात, झांजपथकाचा म्होरक्या ऐकतो. रात्री अकराला फोन येतो : “भारी झालंय ओ, फक्त जरा स्पीड वाढवा की.”

हे ‘जरा’ किती महागात पडतं ते आकड्यांत सांगतो. समजा ट्रॅक 128 बीपीएमचा आहे, म्हणजे मिनिटाला 128 ठोके. चार मिनिटांच्या ट्रॅकमध्ये 512 ठोके झाले. तो 140 वर न्यायचा म्हणजे तेच ठोके साधारण 3 मिनिटं 39 सेकंदांत बसवायचे. जुन्या टेपसारखा नुसता वेगानं फिरवला तर सूर जवळजवळ दीड पट्टी वर चढतो. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी लटकतं. तिथे पेटीवर पट्टीच नाही, आणि गाणारा दादा कोवळ्या पोरासारखा ऐकू येतो.

“पण आता कॉम्प्युटर सूर न बदलता स्पीड वाढवतो ना?” वाढवतो. आवाजाचे बारीक बारीक तुकडे करतो आणि एकमेकांवर सरकवून जोडतो. दोन-तीन टक्के फरक गळा सहन करतो. 128 चे 140 म्हणजे नऊ टक्क्यांच्या वर. हलगीला तर ते अजिबात सोसत नाही. हलगीचा जीव काडी कातड्यावर पडते त्या पहिल्या क्षणात असतो, आणि तुकडे जोडताना नेमका तोच क्षण फाटतो किंवा दोनदा येतो. छोट्या स्पीकरवर कळत नाही. मोठ्या बॉक्सवर हलगी पत्र्यावर खडे टाकल्यासारखी वाजते.

मग हलगी पुन्हा वाजवून घ्यावी लागते. ज्यांच्या घरात हलगी आहे त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी : हलगी आधी शेकतात. कातडं तापलं की ताणतं, आवाज चढतो. वाजवता वाजवता ते निवतं, सूर खाली येतो, पुन्हा शेकावं लागतं. म्हणून आम्ही छोट्या छोट्या तुकड्यांत घेतो, आणि एका बैठकीची हलगी दुसऱ्या बैठकीच्या हलगीला डोळे झाकून जोडता येत नाही. पावसाळी हवेत तर फरक आणखी पडतो. स्पीड बदलला तर अख्खी हलगी नव्यानं घ्यायची. त्यात हलगीवाल्याची बिदागी, गाणाऱ्याचा पुन्हा एक हेलपाटा आणि आमचे मिक्सचे दिवस, सगळं पहिल्यापासून. सोलापूरकरांना एवढंच सांगतो : मागावर बीम (ताण्याचा रूळ) चढून कापड निघायला लागल्यावर आपण मालकाला पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, वाढवा म्हणत नाही.

म्हणून आमचा नियम : रेकॉर्डिंगनंतर स्पीड किंवा पट्टी बदलायची असेल तर ते नवं काम धरलं जाईल. याला काही जण आमचा ताठा म्हणतात. म्हणोत. हलगीवाल्याला दुसऱ्यांदा फुकट बोलवायचं आमच्या तत्त्वात बसत नाही.

कच्चा नीट कसा ऐकायचा? ज्यांचा शब्द चालतो ते सगळे एका वेळी एका ठिकाणी बसा. बसा म्हटलं तरी खरं तर उभे राहा आणि चाला. ट्रॅक लावून गल्लीत पन्नास पावलं चाला, लेझीम असेल तर दोन पोरांना लेझीम खेळायला सांगा. खुर्चीत मोबाइल हातात धरून ऐकलेला ट्रॅक नेहमी संथ वाटतो. तोच ट्रॅक पाय हलायला लागले की बरोबर वाटतो. लेझमीला आम्ही 100 च्या आसपास सुरुवात करतो, नुसत्या नाचाला 125 ते 135. त्यापुढे जायला आम्ही सहसा नाही म्हणतो, त्यालाही कारण आहे. मिरवणूक पेठेतल्या गल्ल्यांतून जाते. समोरची भिंत सतरा मीटरवर असेल तर आवाज तिच्यावर आपटून परत यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. 140 च्या स्पीडला हलगीच्या चौगुणीतल्या (एका मात्रेत चार) दोन ठोक्यांमधलं अंतरही जवळपास तेवढंच असतं. म्हणजे मधली प्रत्येक मोकळी जागा भिंतीवरून आलेला ठोका भरून टाकतो आणि सगळा काला होतो. मोकळ्या मैदानात चालेल, बाळीवेशीच्या गल्ल्यांत चालणार नाही.

बेसविषयी. “बेस कमी आहे” हा निरोप मोबाइलवर ऐकून पाठवू नका. मुख्य ठोक्याचा दणका 50-60 हर्ट्झच्या आसपास असतो आणि मोबाइलचा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. तुम्ही म्हणालात म्हणून आम्ही वाढवला तर मोबाइलवर तरीही ऐकू येणार नाही, आणि मंडळाच्या बॉक्सवर गाणाऱ्याचा शब्दही कळणार नाही. गाडीत ऐका, बऱ्या हेडफोनवर ऐका, किंवा सरळ स्टुडिओत या, चहा आमच्याकडे. डावा-उजवा आवाज एकत्र करून दोन्ही बाजूंच्या बॉक्सना तोच देण्याची पद्धत आपल्याकडे जास्त आहे, म्हणून आम्ही प्रत्येक मिक्स तसाही तपासतो. घरच्या कॉम्प्युटरवर केलेल्या ट्रॅकमधली बासरी मिरवणुकीत गायब होते ती बहुतेक वेळा याच तपासणीअभावी.

आवाज पाठवताना व्हॉइस नोट नको. ती पाठवतानाच दाबली जाते, नंतर आम्ही काहीही केलं तरी गेलेलं परत येत नाही. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे आहे तशी येते. आणि ट्रॅक मोठ्यानं लावून त्यावर गायलेलं रेकॉर्डिंग तर नकोच. ट्रॅक कानात, आवाज माइकमध्ये. तेलुगू किंवा कन्नड ओळी असतील तर देवनागरीत लिहून द्या आणि रेकॉर्डिंगला घरचं एक जाणतं माणूस आणा. आमचा गाणारा दोन्ही भाषा गातो, पण उच्चारावरून आजीनं नाव ठेवलं तर ते आम्हाला ऐकावं लागतं.

एक प्रश्न हल्ली वाढलाय : “एआय दोन मिनिटांत गाणं देतं, मग तुम्ही कशाला?” यंत्राशी आमचं वैर नाही. 1982 साली वादक चरणजित सिंग यांनी मुंबईत रोलँड कंपनीच्या यंत्रांवर राग वाजवून ठेवले, आणि त्यातल्याच टीआर-808 या यंत्राचा ठोका आजही तुमच्या निम्म्या डीजे ट्रॅकमध्ये आहे. त्याही आधी, 1954 साली, ‘नागिन’ सिनेमातली गाजलेली पुंगी संगीतकार कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती. आनंदजींबरोबरची जोडी पुढे जमली. यंत्र कुणाच्याही घरी येतं. तुमच्या मंडळाचा माग, तुमच्या आराध्यांचं संबळ आणि तुमच्या गल्लीची रुंदी हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं, आणि काय काढायचं तेही.

सिनेमातल्या गाण्याचं रिमिक्स मागू नका. हक्क दुसऱ्याचे असतात, आणि युट्यूबवर टाकलं की सिस्टीम ते लगेच ओळखते. स्वतःची चाल घ्या, ती तुमचीच राहते. ट्रॅक कितीही दणदणीत असला तरी आवाजाची पातळी आणि रात्री दहाची वेळ पाळणं वाजवणाऱ्याच्या हातात आहे, त्याचा दोष ट्रॅकला लावू नये.

पक्क्या कामात तुम्हाला पूर्ण ट्रॅक, गाणाऱ्याशिवायचा मायनस ट्रॅक आणि रीलसाठी छोटा तुकडा मिळतो, वेगळे पैसे नाहीत. पेन ड्राइव्ह रिकामा आणि एफएटी-32 फॉरमॅट केलेला आणा, नाहीतर तुमच्या मिक्सरला तो दिसणार नाही आणि फोन आम्हाला येईल. बदल सांगायचे ते ग्रुपवर, दोघांनाही दिसतील असे. एकाला रस्त्यात गाठून सांगितलेला बदल आम्ही धरत नाही.

गणपतीच्या ट्रॅकची बोलणी आषाढी एकादशी झाली की सुरू करतो. श्रावण निम्मा सरला की हलगीवाल्यांच्या तारखा मिळत नाहीत. त्यानंतर आलेल्यांना कॉम्प्युटरातली हलगी घ्यावी लागेल, आणि ती कशी वाजते ते कच्च्यात ऐकायला मिळेलच.