धागा तुटला की माग थांबतो

सोलापुरात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्यांनी हे पाहिलेलं असतं. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला किंवा तो धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपली, की माग आपोआप थांबतो. धाग्याच्या वाटेवर एक छोटा काटा असतो. धागा आहे तोवर तो काट्याला अडवून धरतो. धागा नसला की काटा माग बंद पाडतो. ही सोय नसती तर चादरीत पोकळ पट्टा पडत गेला असता आणि कारागिराला तो उशिरा दिसला असता.

शिकवायच्या व्हिडिओला मात्र असा काटा नसतो. नववीतली माझी भाची मोबाइलवर विजेच्या जोडण्यांचा धडा पाहत होती. मध्येच विचारलं, "बाई आत्ता काय म्हणाल्या गं?" "मामा, ऐकतच होते की मी!" म्हणाली, पण सांगता येईना. डोळे पडद्यावरच होते. लक्षाचा धागा कधीच तुटला होता, धडा मात्र पुढे चालला होता.

हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली याची परीक्षा घेतली. संख्याशास्त्राचं २१ मिनिटांचं व्याख्यान त्यांनी चार तुकड्यांत दाखवलं. ज्यांना प्रत्येक तुकड्यानंतर लहानशी चाचणी दिली, त्यांचं मन भरकटण्याचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ निम्मं होतं. त्यांनी टिपणंही जास्त काढली आणि शेवटच्या परीक्षेतही ते पुढे राहिले.

प्रश्नाचा उपयोग लक्ष खेचण्यापुरता नाही, आणि मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. उत्तर आठवायला लागणं हेच शिकणं आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे किंचित पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

म्हणून व्हिडिओत प्रश्न घालताना तो कसला आहे, हे महत्त्वाचं. "समांतर जोडणी म्हणजे काय?" यापेक्षा असं विचारावं: दोन बल्ब समांतर जोडलेत, एक काढला, तर दुसऱ्याचं काय होईल? व्हिडिओ इथे थांबावा, उत्तर निवडल्याशिवाय पुढे सरकू नये. "विझेल" म्हटलं तर नुसती लाल फुली नको. दुसऱ्या बल्बला विजेची स्वतंत्र वाट आहे, हे तिथेच चित्रात दिसावं. अंदाज चुकला तरी लगेच खरं कारण कळलं, की ते चांगलं लक्षात राहतं. टाळ्यांचे आवाज, नाचणारी चित्रं यांनी मात्र लक्ष उलट फाटतं.

एचफाइव्हपीसारख्या मोफत साधनांनी असे प्रश्न कुठलाही शिक्षक घालू शकतो. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड लावून कविता आणि व्हिडिओ मुलांच्या हाती दिले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. पान आणि पडदा तिथे जोडले गेले आहेत. त्या पडद्यावर आता प्रश्नांचे थांबे हवेत.

आणि वर्गात एकच टीव्ही असेल तर? बाईंनी स्वतःच व्हिडिओ थांबवावा, प्रश्न फळ्यावर लिहावा आणि प्रत्येकाने वहीत उत्तर लिहिल्यावरच पुन्हा सुरू करावा. हात वर करणाऱ्या चारच मुलांना विचारलं, तर उरलेल्यांचे धागे तुटलेलेच राहतात.