दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी शिक्षण बचत खाते (अमेरिका)

सरकारी शाळेत मुलावर जो पैसा खर्च झाला असता, त्यातला मोठा हिस्सा राज्य सरकारने पालकांच्या ताब्यातील खात्यात जमा करायचा, आणि पालकांनी तो ठरवून दिलेल्या शैक्षणिक कामांवर खर्च करायचा, अशी अमेरिकेतील काही राज्यांत रूढ झालेली पद्धत. नावातल्या ‘बचत’ या शब्दाने हमखास घोटाळा होतो. सुकन्या समृद्धी किंवा आवर्ती ठेवीशी या खात्याचा काही संबंध नाही. पालक त्यात स्वतःचा छदामही भरत नाहीत. बचत असते ती एवढीच, की यंदा उरलेली रक्कम पुढच्या वर्षी वापरता येते. ॲरिझोनात तर ती पुढे महाविद्यालयाच्या फीसाठीही चालते.

ही पद्धत जन्मली ॲरिझोना राज्यात, आणि तीही एका न्यायालयीन पराभवातून. तेथे २००६ साली दिव्यांग मुलांना खासगी शाळेत जाता यावे म्हणून व्हाउचर सुरू झाले होते. धनादेश पालकांच्या नावाने निघे, पण तो त्यांना वटवता येत नसे. मागे सही करून निवडलेल्या शाळेच्या हवाली करायचा, एवढेच त्यांच्या हाती. खासगी वा धार्मिक शाळांच्या मदतीसाठी सार्वजनिक पैसा देण्यास राज्याच्या संविधानात मनाई आहे. ‘केन विरुद्ध हॉर्न’ खटल्यात २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या मनाईवर बोट ठेवून व्हाउचर रद्द ठरवले. त्यावर २०११ मध्ये खात्याचा कायदा आला. पैसा शाळेलाच गेला पाहिजे असे आता राहिले नाही. तो शिकवणीला, थेरपीला, पुस्तकांनाही लागू शकत होता. हाच फरक २०१३ मध्ये ‘नीहाउस विरुद्ध हप्पेन्थल’ निकालात अपील न्यायालयाने मान्य केला आणि खाती टिकली. सहीच्या एका बंधनावरून एक योजना बुडाली आणि दुसरी तरली, हे या विषयाच्या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण.

ॲरिझोनात राज्याच्या वाट्यातील साधारण ९० टक्के रक्कम दर तिमाहीला जमा होते. दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार तिच्यात मोठी तफावत असते. स्वमग्नता किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या काही मुलांना वर्षाला ३० हजार डॉलरांहूनही अधिक मिळतात. कागदावर हा आकडा डोळे दिपवतो. स्वमग्न मुलाच्या घरी मात्र त्याचा हिशेब असा लागतो: आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी, एकदा ऑक्युपेशनल थेरपी, वर्गात शेजारी बसणारी मदतनीस, जिला मुंबई-पुण्याच्या शाळांत ‘शॅडो टीचर’ म्हणतात, आणि शिवाय शाळेची फी. मूल झोपल्यावर आई बिले काढून बसते. थेरपिस्टकडे परवाना आहे ना, पावतीवर मुलाचे नाव, तारीख, सेवेचा प्रकार आहे ना, हे तपासून सारे ऑनलाइन चढवायचे आणि मंजुरीची वाट पाहायची. अंध मुलाला ब्रेल साहित्यासाठी, मोठ्या मुलाला जीवनकौशल्ये वा व्यवसाय शिकण्यासाठीही हा पैसा वापरता येतो. शाळेत जे काम समन्वयक करते, ते सगळे इथे घरी येऊन पडते. ज्या घरात वेळ, इंग्रजी आणि चिकाटी आहे तिथे ते निभते. दोन नोकऱ्या करणाऱ्या एकट्या आईला ते जड जाते, आणि आडगावात पैसा हाती असूनही थेरपिस्टच मिळत नाही.

फ्लोरिडाने २०१४ मध्ये अशी खाती काढली; पुढे त्यांना राज्याच्या सिनेटचे तत्कालीन अध्यक्ष अँडी गार्डिनर यांचे नाव मिळाले, ज्यांचा मुलगा डाउन सिंड्रोमसह वाढत होता. मिसिसिपीने २०१५ मध्ये साडेसहा हजार डॉलरांपासून सुरुवात केली. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनाही मागोमाग आली. ॲरिझोनाने मात्र २०२२ मध्ये खाती सर्वच मुलांना खुली केली. चारच वर्षांपूर्वी, २०१८ च्या सार्वमतात, तेथील मतदारांनी असाच विस्तार मोठ्या फरकाने नाकारला होता. ज्यांच्यासाठी योजना निघाली ती दिव्यांग मुले आज तिच्यात अल्पसंख्य आहेत. राज्याच्या तिजोरीवर वाद पेटतो तो मुख्यतः इतरांच्या खात्यांवरून, पण नियम कडक झाले की झळ आधी याच घरांना लागते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट करारात असते. अमेरिकेत १९७५ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक दिव्यांग मुलाला मोफत आणि योग्य सरकारी शिक्षणाचा हक्क दिला. मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा बनतो, पालक त्या बैठकीला बसतात, शाळेने आराखडा पाळला नाही तर दाद मागता येते. खाते उघडताना पालक सही करून शाळा-जिल्ह्याला, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला, मुलाच्या शिक्षणाच्या जबाबदारीतून मोकळे करतात. नव्या खासगी शाळेवर त्या आराखड्याचे बंधन नसते. ती मुलाला मध्येच घरी पाठवू शकते. हा सौदा समजून-उमजून करणारे पालक आहेत, सरकारी शाळेत वर्षानुवर्षे झगडून थकलेलेही आहेत, आणि त्यांची निवड चूक म्हणता येत नाही. पण सही कशावर होते आहे हे आधी सांगितले गेले पाहिजे, आणि तिथेच राज्ये कमी पडली. २०१६-१७ मध्ये दिव्यांग मुलांसाठीच्या अशा व व्हाउचर योजनांतील ८३ टक्के विद्यार्थी ज्या योजनांत होते, त्या हक्कांतील बदलाची माहितीच देत नव्हत्या किंवा दिलेल्या माहितीत चुका होत्या, असे केंद्राच्या लेखातपासणी संस्थेला २०१७ मध्ये आढळले. ॲरिझोना-फ्लोरिडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा मुद्दा तितकाच लागू आहे.

भारतात अशी खाती नाहीत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना शेजारच्या शाळेत वा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. समग्र शिक्षा योजनेत अशा मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद असते, आणि ती मुख्यतः शाळाव्यवस्थेमार्फत खर्च होते.

अमेरिकेत मूल परत सरकारी शाळेत दाखल झाले की खाते बंद होते आणि जिल्ह्याची जबाबदारी पुन्हा सुरू होते. मात्र जुना आराखडा तोवर शिळा झालेला असतो. मूल्यमापन, बैठक, सह्या, सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.