पाळीचे नियम कूर्चेला: कानाच्या वरच्या भोकाची पार्श्वभूमी

कानाच्या पाळीला पाडलेलं भोक साधारण दीड-दोन महिन्यांत भरून येतं. त्याच कानाच्या वरच्या कडेला पाडलेलं भोक सहा महिने, अनेकदा वर्षभरही कुरबुरत राहतं. मध्येच बरं झाल्यासारखं वाटतं, मग एका कुशीवर झोप लागते किंवा केसांत स्टड अडकतो आणि पुन्हा लाली, ठणका, पाण्यासारखा स्राव. टोचणारा कच्चा होता, दागिना वाईट होता, आपलीच त्वचा नाजूक आहे, असे तर्क मग सुरू होतात. कधीकधी ते खरेही असतात. पण मुळात पाळीसाठी घडलेले नियम, हत्यारं आणि समजुती जशाच्या तशा वर कूर्चेपर्यंत, म्हणजे वरच्या कानाच्या टणक पण लवचीक सांगाड्यापर्यंत, नेल्या गेल्या, आणि ती चूक ध्यानात यायला विसावं शतक संपावं लागलं.

फरक रक्ताचा आहे. पाळी म्हणजे त्वचा, चरबी आणि भरपूर रक्तवाहिन्या. वरचा कान कूर्चेचा, आणि कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्या दोन्ही अंगांना एक पातळ आवरण घट्ट चिकटलेलं असतं. त्या आवरणातल्या रक्तातून जे झिरपेल त्यावर कूर्चा जगते. भोक पाडताना हे आवरण दोन्हीकडून फाटतं. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तातून येतात आणि गोळी घेतली तर औषधही रक्तातूनच येतं. त्यामुळे इथे मदत उशिरा आणि थोडी पोचते. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साचला, तर कूर्चेचं पोषण तुटतं, ती मरते आणि कानाचा आकार बसतो.

पू नसला तरी नुसत्या साचलेल्या रक्तानेही हेच घडतं, आणि ते माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 1885 साली रोममध्ये ब्राँझचा एक प्राचीन ग्रीक मुष्टियोद्धा सापडला. बसलेला, थकलेला, मान वळवून बघणारा. घडवणाऱ्याने त्याच्या जखमांवर लालसर तांबं बसवून रक्त दाखवलं आहे आणि कान सुजून बेढब झालेले घडवले आहेत. ठोशांनी आवरण सुटलं की कान कसा होतो, याचं इतकं नेमकं चित्र वैद्यकाच्या पुस्तकातही क्वचित मिळेल.

टोचण्याचा इतिहास मात्र बहुतेक पाळीचाच आहे. आल्प्सच्या बर्फात 1991 मध्ये सापडलेला, सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा ओत्झी हा माणूस घ्या. त्याच्या दोन्ही पाळ्यांना ताणून मोठी केलेली भोकं आहेत, 7 ते 11 मिलिमीटर व्यासाची. लिखित वैद्यकात सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्यापासूनच सुरू होतो, आणि तो वाचताना त्यातला बारकावा पाहून थक्क व्हायला होतं. कान उन्हासमोर धरायचा, जिथून उजेड आरपार दिसतो ती जागा निवडायची, म्हणजे शीर चुकते. पाळी पातळ असेल तर सुई, जाड असेल तर आरी. मग भोकात कापसाची वात घालायची, वर तेल सोडायचं, दर तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जाड वात. चुकीच्या जागी टोचलं तर कोणते विकार होतात तेही नावानिशी दिलं आहे. हे सगळं पाळीपुरतं शहाणपणाचं आहे. दर तिसऱ्या दिवशी भोकात काहीतरी सरकवणं, जाडी वाढवत नेणं, हे रक्ताने भरलेल्या मऊ पाळीला चालतं. कूर्चेला नाही.

वरची कड टोचण्याची रीतही जुनीच आहे, दक्षिण आशियात आणि पूर्व आफ्रिकेत ती पिढ्यानपिढ्या दिसते. पण ती जगभरची फॅशन झाली ती विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीन दशकांत. आधी पाळीत एकाऐवजी दोन-तीन भोकं आली, पंक या बंडखोर संगीत-पेहरावाच्या चळवळीने त्यात भर घातली, आणि पाळीतली जागा संपल्यावर रांग कडेने वर सरकली. नेमकी त्याच सुमारास स्प्रिंगची गन दुकानोदुकानी पसरत होती. खटका दाबला की बोथटसर स्टड पाळीतून आरपार, मागे फिरकी आपोआप बसलेली, काम दोन सेकंदांत. पाळीसाठी बनवलेलं हे यंत्र वर चालवायला कोणी हरकत घेतली नाही, कारण यंत्राला पाळी कुठली आणि कूर्चा कुठली हे कळत नव्हतं आणि चालवणाऱ्यालाही बहुधा तेवढंच कळत होतं.

दुसरीकडे एक वेगळीच परंपरा उभी राहत होती. 1975 मध्ये जिम वॉर्ड यांनी लॉस एंजेलिसमध्ये पियर्सिंगचा, म्हणजे शरीर टोचून दागिने घालण्याचा, गॉन्टलेट हा व्यवसाय घरून सुरू केला. 1978 मध्ये त्याचं दुकान झालं. पैशाचं पाठबळ दिलं रिचर्ड सायमन्टन यांनी, जे डग मॅलॉय या टोपणनावाने वावरत. आजच्या पियर्सिंगमधलं बरंच काही इथून आलं: पोकळ सुई, सरळ दांडीला दोन्ही टोकांना गोळे असलेला बारबेल, टोचण्याआधी खूण करून कोन ठरवणं. मॅलॉय यांनी पियर्सिंगच्या ‘प्राचीन’ इतिहासाची एक पुस्तिकाही लिहिली, जिच्यातला बराच भाग चक्क रचलेला होता. रोमन सैनिकांच्या अंगावरच्या कड्यांच्या त्या कथा आजही इंटरनेटवर फिरताना दिसतात.

1990 च्या दशकात कूर्चेच्या आतल्या घड्यांकडेही लक्ष वळलं. डेथ (कानाच्या नळीच्या तोंडालगतची घडी) आणि रूक (तिच्या वरची घडी) ही दोन्ही पियर्सिंग एरिक डकोटा यांच्या नावावर आहेत आणि ती 1992 च्या सुमारास लोकांसमोर आली. (डेथने अर्धशिशी थांबते हा दावा बराच नंतरचा, त्याला भक्कम पुरावा नाही.) 1994 मध्ये अमेरिकेत व्यावसायिक पियर्सरांची संघटना स्थापन झाली. एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या धास्तीने तोवर निर्जंतुकीकरण हा ऐरणीवरचा प्रश्न झाला होता, आणि गनचा प्लास्टिकचा सांगाडा ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, उष्णता सोसत नाही, हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप ठरला.

नेमकं काय बिघडू शकतं ते 2000 साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात दिसलं. दागिन्यांच्या एका छोट्या स्टॉलवर वरचा कान टोचून घेतलेल्यांचे कान एकापाठोपाठ एक पिकू लागले. आरोग्य खात्याने माग काढला: तिथे टोचून घेतलेले 118 जण, 186 भोकं. त्यांत 7 जणांना स्युडोमोनास एरुजिनोसा या जंतूचा संसर्ग प्रयोगशाळेत सिद्ध झाला, आणखी 18 संशयित निघाले. सिद्ध झालेले सातही जण 10 ते 19 वयोगटातले. चौघांना रुग्णालयात ठेवावं लागलं, काहींच्या कानाचा आकार कायमचा बिघडला. जंतू सापडला कुठे, तर स्टॉलवरच्या जंतुनाशकाच्या बाटलीत आणि हात धुण्याच्या बेसिनमध्ये. ज्या फवाऱ्याने स्वच्छता व्हायची, त्यातूनच संसर्ग कानात जात होता. त्यात भर म्हणजे बहुतेकांना सुरुवातीला जी प्रतिजैविकं दिली गेली ती त्वचेच्या नेहमीच्या जंतूंसाठीची होती. स्युडोमोनासवर ती चालत नाहीत. ओलाव्यात वाढणारा हा जंतू कूर्चेत घुसला की वेळ फार थोडा असतो आणि औषधही वेगळं लागतं. हा अहवाल 2004 मध्ये अमेरिकेतल्या प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात आला. ब्रिटनमधले डॉक्टर 2001 मध्येच इशारा देऊन चुकले होते, की उंच टोचण्याची फॅशन वाढली तसे कूर्चेच्या आवरणाच्या दाहाचे रुग्णही वाढले आहेत.

इथून ‘गनने कूर्चा चिरडते, सुईने स्वच्छ कापली जाते’ हे वाक्य इतकं रूढ झालं की ते कोणी तपासायच्या भानगडीत पडेना. 2008 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी ते तपासलं. मृतदेहांच्या कानांवर गनने आणि सुईने भोकं पाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर कूर्चेची आणि आवरणाची इजा सगळ्या पद्धतींत जवळपास सारखीच निघाली. पियर्सर मंडळींना हे आवडत नाही, पण ते नोंदवायला हवं. माझ्या मते त्याने गन निर्दोष ठरत नाही, आक्षेपाची जागा तेवढी बदलते. गनचा स्टड आखूड असतो आणि मागची फिरकी घट्ट बसते. टोचल्यावर कान सुजतो तेव्हा सुजेला जागाच उरत नाही. फिरकीच्या घड्यांत खपली, मळ, शांपू अडकतो. आणि निर्जंतुकीकरणाचा प्रश्न आहेच. सुईने टोचणारा मुद्दाम लांब दांडी घालतो, सूज उतरल्यावर ती बदलून आखूड करतो. भोक पाडण्याच्या त्या क्षणापेक्षा पुढचे आठवडे जास्त महत्त्वाचे ठरतात ते असे.

या पुढच्या आठवड्यांत काय करायचं, याचे सल्ले गेल्या पन्नास वर्षांत जवळजवळ उलटे झाले. आधी स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसा, मलम लावा, स्टड रोज फिरवा म्हणजे चिकटणार नाही, असं सर्रास सांगत. जखमांच्या विज्ञानाला हे खटकावं अशा गोष्टी खूप आधीच हाती आल्या होत्या. पहिल्या महायुद्धातल्या जखमा पाहून अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1919 मध्ये लिहिलं होतं की तीव्र जंतुनाशकं जंतूंआधी पांढऱ्या पेशींना मारतात. 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की ओलसर राखलेली जखम कोरड्या खपलीखालच्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने नव्या त्वचेने झाकली जाते. 1985 मध्ये 3 टक्के पेरॉक्साइड जखम भरणाऱ्या पेशींनाच मारतं, हेही प्रयोगशाळेत दिसलं. तरी पेरॉक्साइडची बाटली कानापासून दूर व्हायला पुढची कित्येक वर्षं गेली. फसफस दिसली की काहीतरी साफ होतंय असं वाटतं ना!

स्टड फिरवण्याचा सल्ला तर याहून चिवट निघाला. भोक भरतं ते दोन्ही तोंडांकडून आत सरकणाऱ्या त्वचेच्या पातळ थराने. शेवटी आत एक नळीच तयार होते. कडेचा भाग आधी बरा दिसतो आणि मधली कूर्चा अजून उघडी असते, म्हणून तीन महिन्यांनी ‘झालं बरं’ वाटून दागिना बदलणारे फसतात. फिरवलेला स्टड वाळलेली खपली आत ओढतो आणि कोवळी नळी खरवडतो. आता सांगतात ते कंटाळवाणं आहे: हात धुवा, दिवसातून एक-दोनदा निर्जंतुक 0.9 टक्के सलाइन फवारा, नरम पडलेली खपली अलगद पुसून घ्या, कोरडं करा, बाकी हात लावू नका. घरी मीठ कालवून पाणी करण्याची पद्धत बरीच वर्षं चालली, पण प्रमाण हमखास चुकतं आणि खारट पाण्याने त्वचा फुटते, म्हणून ती मागे पडली.

धातूचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. निकेलमुळे खाज-पुरळ होणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की युरोपीय संघाने 1994 मध्ये दागिन्यांतल्या निकेलवर बंधनं घातली. आज ताज्या भोकासाठी शस्त्रक्रियेत रोपणाला वापरतात तो टायटेनियमचा मिश्रधातू सुचवतात. त्याचा अमेरिकी मानक क्रमांक एफ 136 आहे. दुकानदार नुसतं ‘सर्जिकल स्टील’ म्हणाला तर त्यात बहुतेक वेळा निकेल असतं, हे माहीत असावं.

उरतात त्या भोकाजवळच्या गाठी. त्यांतल्या बहुतेक चिडलेल्या जखमेच्या असतात, कोन चुकला किंवा दांडी लांब राहिली म्हणून उठलेल्या, आणि कारण दूर झालं की बसतात. केलॉइड हा वेगळा प्रकार: तो भोकाची हद्द ओलांडून वाढत राहतो, आपोआप जात नाही, आणि ज्यांच्या घरात तो आहे त्यांनी टोचण्याआधीच त्वचारोगतज्ज्ञाला विचारावं. कान तापलेला, लाल, सुजलेला असेल, दुखणं वाढत असेल आणि पाळी मात्र ठीक दिसत असेल, तर दाह कूर्चेच्या आवरणात असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी दुकानात नव्हे, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं, आणि कूर्चा टोचली होती हे आधी सांगायचं, कारण औषधाची निवड त्यावरच ठरते.