बांध फोडले गावकऱ्यांनी: इराकमधल्या पाणथळींची पार्श्वभूमी

दक्षिण इराकच्या पाणथळींसाठी आज जे प्रकल्प चालतात, त्यांचा इतिहास सांगताना सुरुवात संयुक्त राष्ट्रांपासून करू नये. २००३ साली सद्दाम हुसेनची सत्ता कोसळली, तेव्हा पाणी तोडण्यासाठी त्याच्या सरकारने घातलेले बांध फावडी घेऊन फोडायला आधी गावकरीच पुढे आले.

बसराच्या उत्तरेला तैग्रिस आणि युफ्रेटिसचं पाणी पसरतं, तिथे मदान लोक म्हशी पाळून आणि मासे धरून राहत आले. बोरूच्या, म्हणजे पाण्यात उगवणाऱ्या उंच गवताच्या, जाड जुड्या जमिनीत रोवायच्या, शेंडे वाकवून एकमेकांना बांधायचे आणि कमानींवर चटया अंथरायच्या, की घर उभं. खिळासुद्धा लागत नाही. कोवळा बोरू म्हशींना घालायचा.

ही जमीन कोरडी करून शेतीला आणायचे आराखडे १९५०च्या दशकातच झाले होते. १९९१ मध्ये मात्र हेतू बदलला. आखाती युद्धानंतर शियांनी केलेला उठाव चिरडला गेला, बंडखोर बोरूत लपले आणि सरकारने बांध घालून, कालवे खणून पाणीच तोडलं. हजारो कुटुंबं देशोधडीला लागली, कितीतरी इराणमध्ये गेली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००१ मध्ये उपग्रहाच्या छायाचित्रांवरून दाखवलं, की सुमारे ९० टक्के पाणथळ संपली आहे.

याच संस्थेने २००४ मध्ये जपानच्या पैशातून काम सुरू केलं आणि पहिल्यांदा हात घातला तो पिण्याच्या पाण्याला. सहा वस्त्यांमधल्या सुमारे २२ हजार लोकांची सोय झाली. आधी माणसांचं पाणी, मग पक्षी, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. परत आलेली माणसं टिकली नाहीत, तर पाणथळ राखायची कुणी? अमेरिकेतून मायदेशी परतलेले अभियंते अझ्झाम अलवाश यांनी ‘नेचर इराक’ ही संस्था काढली. २०१३ मध्ये इथे इराकचं पहिलं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि २०१६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

दर्जा मिळाला, पण पाणी आटतच गेलं. वर तुर्कस्तानची धरणं, पूर्वेला इराणने सीमेवरच्या हविझे पाणथळीत घातलेला बांध, त्यात दुष्काळ. खारट पाण्याने म्हशी दगावू लागल्या. देशातली परिस्थितीही नाजूकच: फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘नेचर इराक’चे जासिम अल-असदी यांचं अपहरण झालं, दोन आठवड्यांनी ते सुटले. एप्रिल २०२४ मध्ये इराक आणि तुर्कस्तानने पाण्याबाबत दहा वर्षांचा करार केला. गावकऱ्यांना फोडता येतील असे बांध आता उरलेले नाहीत, म्हणून सगळी भिस्त अशा करारांवर आहे.